शिशाच्या बाजूने

२ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलं. हौस म्हणून नाही. कारखान्यात कोण काय बोललं ते हल्ली दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही आणि निस्तरायला मात्र मी. निदान माझ्यापुरता एक साक्षीदार असावा.

सकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. आत माझी लेक आधीच बसली होती. ती आमच्याच प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. घरी मला बाबा म्हणते, कारखान्यात सर. मालक म्हणाले, "मोठी हॉस्पिटलं आता बिनशिशाची काच मागायला लागलीत. एक्स-रेच्या खोलीची खिडकी, किरणोपचाराच्या खोलीची खिडकी. बाकीचे देतात, आपणही द्यायची."

मी म्हटलं, "किरणं अडवायला काचेत वजन लागतं, मालक. शिसं काढून त्या जागी काय घालू, आशीर्वाद?"

मालक हसले. लेक हसली नाही. "बिस्मथ घालायचा," ती म्हणाली. "मूलद्रव्यांच्या तक्त्यात तो शिशाच्या अगदी शेजारच्या घरात राहतो, सर. वजनाने तेवढाच आणि विषारी नाही."

"शेजारी राहतो म्हणून स्वभावही तसाच? आपल्या शेजारी कोण राहतं ते विसरलीस वाटतं."

यावर मालकसुद्धा हसले नाहीत. म्हणाले, "भट्टी तुमची, कृती तिची. दोघांनी मिळून करा. घरचीच माणसं आहात."

तिथेच तर गोम आहे. मी या भट्टीवर केस पिकवले. आमच्या काचेत वाळूपेक्षा शिशाचं लाल भस्म जास्त असतं. रंगावरून आम्ही त्याला शेंदूरच म्हणतो. ते पडलं की वाळू लवकर वितळते, काच मधासारखी ओतता येते आणि निवली की पाण्यासारखी नितळ. पलीकडे मशीन किरणं ओकत असतं, अलीकडे माणूस निर्धास्त उभा असतो. इतक्या वर्षांत माझ्या काचेमागच्या एकाही माणसाला काही झालेलं नाही. आणि आता माझ्याच पोटची पोर मला सांगणार की शिशाचे दिवस भरले.

६ मार्च

जावई जहाजावर नोकरीला. घरी असतो त्यापेक्षा नसतो जास्त. म्हणून लेक आणि नात आमच्याकडेच राहतात. नात तीन वर्षांची होईल. घरात कुठेही साखर सांडली की पहिली तीच तिथे हजर, म्हणून मी तिचं नाव मुंगी ठेवलं.

माझी पाळी लवकर सुटते, लेक प्रयोगशाळेतून संध्याकाळ उलटल्यावर येते. मधला वेळ मुंगी माझी. दार वाजलं की धावत येते आणि पायाला मिठी मारते. "आबा, मला उचल ना लवकर!" मग मी खुर्चीत, ती मांडीवर. माझ्या शर्टाच्या खिशाची पट्टी तोंडात धरून चघळत बसते आणि दिवसभराच्या तक्रारी सांगते. मांजर आलं नाही, आजीने रागावलं, चंद्र तुटला. कारखान्यात डोकं पिकतं ते इथे उतरतं.

बायको कुरकुरते. "आधी आंघोळ करा, कपडे बदला. पाण्यात टाकले की बादली शेंदरी होते."

"चहा घेऊ दे की नाही? कपडे बदलायला मी काय नाटकात आहे?"

१९ मार्च

बिस्मथचा पहिला घाणा आज ओतला. बिस्मथचं पिवळं भस्म, बोरॅक्स, थोडं जस्ताचं भस्म, जराशी वाळू. लेक मास्क लावून भट्टीजवळ उभी. साच्यात पडलं ते डांबर. निवल्यावर फोडलं तर तळाशी चांदीसारखे दाणे. भस्माचा परत धातू झाला होता.

मी पाहताक्षणी ओळखलं. भस्म म्हणजे धातू अधिक प्राणवायू. भट्टीला हवा कमी पडली की ज्वाला पिवळी, भुकेली होते आणि मालातला प्राणवायू ओढून घेते. मग धातू उघडा पडतो आणि काच काळी होते. शिशाच्या काचेलाही हे होतं, आमच्या उमेदवारीत किती घाणे असे गेले. उपाय सोपा. हवेची झडप थोडी जास्त उघडायची आणि मालात मूठभर सोरा टाकायचा. सोरा वितळताना प्राणवायू सोडतो.

भट्टीवाल्याला आम्ही गप्पू म्हणतो, कारण तो बोलत नाही. त्यालाही कळलं होतं. हात झडपेवर ठेवून तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. नको.

कारखान्यात मी बाप नाही, सर आहे. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिने विचारलं नाही.

२३ मार्च

तिने आज विचारलं. जेवताना, बाबा म्हणून. "तुम्हाला काय वाटतं, कशामुळे काळी पडत असेल?"

मी म्हटलं, "बिस्मथचा स्वभावच तो. मला त्याचा अनुभव नाही बुवा."

खोटं कसं म्हणायचं? बिस्मथचा अनुभव मला नाहीच.

४ एप्रिल

लेकीने नवे नियम काढले. मिश्रणाच्या खोलीत मास्क. पाळी संपली की न्हाणीघरात आंघोळ, कामाचे कपडे तिथेच ठेवायचे. न्हाणीघर! तिथे दोन वर्षं रिकामी खोकी रचून ठेवली आहेत, नळाला पाणी नाही. मालकांनी मान डोलावली आणि खोकी होती तिथेच राहिली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

घरी आल्यावर मला विचारते, "बाबा, तुम्ही तरी कपडे तिथे बदलता ना?"

"बदलतो," मी म्हटलं. तेव्हा मी आंघोळ करून धुतलेल्या सदऱ्यात बसलो होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला लागली. नंतर म्हणाली, "मी मध्ये पडणार नाही. पण तिला कळलं तर मला बोल लावू नका."

हे सगळं शिशाला बदनाम करायचं चाललं आहे. मास्क, आंघोळ, कपडे. एकदा शिसं विष ठरवलं की बिस्मथ आपोआप अमृत.

१५ एप्रिल

पोटात सकाळपासून पिळवटतं. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. बायकोच्या स्वयंपाकाला बोललो, ती रुसली.

२६ एप्रिल

बिस्मथ अजून डांबरच ओततो आहे. मधल्या काळात तिने बेरियमची काच करून पाहिली. दिसायला फार देखणी, पाण्यासारखी. हलक्या किरणांना बऱ्यापैकी अडवतेही. पण जोराच्या किरणांसाठी इतकी जाड करावी लागते की खिडकी कसली, भिंतच. मालकांनी ती दोन हातांनी उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

मी म्हटलं, "शिशाने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

लेकीचा चेहरा उतरला होता. लहानपणी सायकलवरून पडली की असाच चेहरा व्हायचा, आणि मी धावायचो. आज धावलो नाही. मनात म्हटलं, थोडी हरू दे. हरली की येईल माझ्याकडे, मग सगळं शिकवीन. खरंच शिकवणार आहे. फक्त तिने यावं.

९ मे

आज घात झाला. घासूनपुसून तयार झालेली शिशाची तावदानं तपासत होतो. एक उचललं आणि मनगट एकदम सुटलं. हातात जोरच नाही. तावदान फरशीवर, चक्काचूर. मी गप्पूवर ओरडलो, कडेला तेल कुणी लावलं म्हणून. त्याने वाकून तुकडे गोळा केले आणि बोटाने काच पुसून मला दाखवली. कोरडी होती. दाखवायची काही गरज नव्हती.

हल्ली माझ्या वस्तूही कोणीतरी हलवतं. चष्मा, किल्ली. काल भट्टीचं तापमान सांगताना आकडाच आठवेना. सगळे तोंडाकडे बघत राहिले. मला कळतं, मला म्हातारा ठरवायचं चाललं आहे.

२० मे

मुंगी जेवत नाही. घास पुढे केला की तोंड फिरवते. पोट धरून बसते. शौचाला होत नाही म्हणून बायको तिला काय काय पाजते. मांडीवर येते, पण बडबड नाही, नुसती खिशाची पट्टी चघळत पडून राहते. "मांजर आलं होतं का?" विचारलं तर म्हणाली, "मांजर." एवढंच.

लेक घरी आल्यावर मी सुनावलं. "काचेला वेळ आहे, पोराला नाही. आई दिसत नाही म्हणून पोर मुकं झालं."

ती तशीच चपला घालून दारात उभी राहिली. "खरं आहे," म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

३ जून

डॉक्टरकडे नेलं होतं. जंताचं औषध दिलं, रक्त कमी आहे म्हणाले, पालेभाज्या द्या. लेकीने आठवडाभर सुट्टी मागितली. मालकांनी दोन दिवस दिली. मी मनात म्हटलं, चला, तेवढे दिवस भट्टी शांत. लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते लिहिलं.

२४ जून

जमलं तिला. मला न विचारता.

झालं असं की काच बरीच वर्षं किरणं खाऊन तपकिरी पडते. ते टाळायला सेरियमचं भस्म चिमूटभर घालतात, हे तिने वाचलेलं. म्हणून तिने बिस्मथमध्ये सेरियम टाकलं. तो घाणा डांबर न होता काळपट तपकिरी निघाला. दुसरा कोणी खूश होऊन थांबला असता. ती खुर्ची ओढून भट्टीसमोर बसली आणि विचार करत राहिली, की सेरियमचा काय संबंध? मग स्वतःशीच म्हणाली, "सेरियम प्राणवायू देतं. म्हणजे प्राणवायूच कमी पडतोय." उठली, ज्वाला पाहिली, गप्पूला म्हणाली, "काका, हवा वाढवता येईल?"

तिचं वाक्य संपायच्या आत गप्पूने झडप फिरवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आजचा घाणा कोऱ्या चहाच्या रंगाचा आला, फिक्या चहाच्या. आरपार वर्तमानपत्र वाचता येतं.

मी किल्लीने ओरखडा काढून दाखवला. "मऊ आहे. हॉस्पिटलात पुसणारी बाई महिनाभरात घासून आंधळी करेल."

"माहीत आहे," ती म्हणाली. "वाळू वाढवणार आहे, बोरॅक्स कमी करणार आहे. कडकपणा येईल. वितळायला थोडी जास्त आच लागेल, पण आता आच वाढवायला भीती नाही."

तिने ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "थँक यू, सर. हे तपासायचं राहिलंच होतं." टोमणा असावा. नसेल तर जास्तच लागलं.

११ जुलै

आज काचेची परीक्षा. एक्स-रे मशीनपुढे आधी माझी शिशाची काच, मग त्याच जाडीची तिची. मागे किरणं मोजायचं यंत्र. काटा दोन्ही वेळा जवळपास एकाच जागी. मालकांनी पुन्हा करून पाहायला लावलं. पुन्हा तेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, टाळी नीट वाजत नव्हती, बोटं बधिर असतात हल्ली.

मालक तिला म्हणाले, "आज लवकर घरी जा. पोरीबरोबर राहा."

मला हा दिवस इथेच संपवता आला असता तर.

मी तिच्या आधी निघालो होतो. घरी आलो, मुंगीला घेतलं, खुर्चीत बसलो. ती छातीवर डोकं ठेवून झोपली. माझाही डोळा लागला. जाग आली ती लेक समोर उभी होती म्हणून. हातात केकचा खोका. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुंगी जागी होऊन तिच्याकडे वळली होती, आणि मुंगीच्या गालावर माझ्या शर्टाच्या खिशाचा चौकोन उमटला होता. शेंदरी. ओठांच्या कडेलाही.

"हे रोज?" लेकीने विचारलं.

मी म्हटलं, "अगं, आज जरा..."

"आई, हे रोज?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. "रोजच," ती म्हणाली.

लेकीने खोका जमिनीवर ठेवला. ओरडली नाही. मुंगीला माझ्या अंगावरून उचललं, मोरीत नेलं आणि नळाखाली तिचे हात, तोंड, केस धूत राहिली. मुंगी रडत होती, ती धूतच होती. मग तिला टॉवेलात गुंडाळून ओल्या पायांनी तशीच हॉस्पिटलला गेली.

१३ जुलै

मुंगीच्या रक्तात शिसं निघालं. इतकं, की डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही. शिरेतून औषध देतात. ते शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "आम्ही जन्मभर त्यात काम करतो, आम्हाला काही झालं नाही."

त्यांनी माझे हात पुढे करायला सांगितले. मी केले. मनगटं खाली लोंबली. मला वर धरता येईनात. त्यांनी माझंही रक्त घेतलं.

१५ जुलै

माझं मुंगीच्याही वर निघालं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही अजून कामावर जाता?"

"एकही खाडा नाही," मी म्हटलं. मला वाटलं, कौतुक करतील.

पोटदुखी, तोंडाची चव, हात, विसरणं, चिडणं, सगळं त्यांनी मी न सांगताच सांगितलं, जणू माझ्या घरात राहत होते. मोठं अंग बरंच सोसतं, म्हणाले. लहान अंगात तेच शिसं थेट मेंदूपर्यंत जातं.

"पण औषधाने निघेल ना?"

"शिसं निघेल. त्याने जाताना काय नेलं, ते ती मोठी होईल तसं कळेल."

१८ जुलै

मालक हॉस्पिटलात येऊन गेले. मुंगीसाठी बाहुली आणली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाईट झालं. पण कामाचे कपडे घरी न्यायला आपण कधी परवानगी दिली नव्हती, हे तुम्हीही मान्य कराल."

मी म्हटलं, "न्हाणीघरात खोकी आहेत."

"खोकी काय, सांगितली असती तर हलवली असती."

तेही खरंच. मी कुठे सांगितली? लेक सांगत होती तेव्हा मी हसत होतो.

गप्पूही आला होता. लेकीशी कोपऱ्यात बराच वेळ बोलत उभा होता. त्याला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

१९ जुलै

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. लेक म्हणाली, "गप्पूकाकांनी सांगितलं."

"काय?"

"झडपेचं. सोऱ्याचं. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"तू विचारलं नव्हतंस."

"विचारलं होतं, बाबा. जेवताना."

 ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलत राहिली. "मार्चमध्ये सांगितलं असतंत तर एप्रिलमध्ये काच झाली असती. मालक अर्धी भट्टी बिस्मथवर न्यायला तयार होते."

मी काय बोललो ते लिहितो, कारण साक्षीदार हवा असं मीच म्हटलं होतं. मी म्हटलं, "उरलेली अर्धी शिशाचीच राहिली असती की."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. "हो," म्हणाली. "अर्धंच विष तिच्या पोटात गेलं असतं. अर्धंच."

मग म्हणाली, "मी रोज प्रयोगशाळेच्या नळाखाली हात, मान, केस धुऊन निघायचे. कपडे बदलायचे. तरी घरी आल्यावर तिला लगेच जवळ घ्यायला भ्यायचे. आणि वाटायचं, बरं झालं, तोवर ती बाबांजवळ असते."

२ ऑगस्ट

मुंगी घरी आली. घरी म्हणजे लेकीने गावाच्या दुसऱ्या टोकाला घेतलेल्या भाड्याच्या खोल्यांत. बायको तिकडेच गेली. जाताना म्हणाली, "तिला एकटीला जमणार नाही. आणि मलाही इथे बसवत नाही. मी ते कपडे धूत होते, मी पाहत होते." मी म्हटलं, "माझं काय?" तिने सांगितलं, डाळ कुठे आहे, तांदूळ कुठे आहे.

लेकीने इथल्या गाद्या, उशा, माझी खुर्ची, सगळं टाकायला लावलं. फरशी तीनदा पुसून घेतली. घर रिकामं आणि फार स्वच्छ आहे.

२८ ऑगस्ट

माझंही औषध चालू आहे. पोट शांत झालं, आकडे आठवायला लागले. यात गंमत अशी की डोकं जसजसं ठिकाणावर येतं तसतसं सगळं नीट दिसतं. आधीचं बरं होतं. तेव्हा सगळा दोष दुसऱ्यांचा होता.

पण एक प्रश्न सुटत नाही. झडपेवर मान हलवली ती शिशाने हलवली की मी? डॉक्टरांना विचारलं, शिशाने माणूस हलकट होतो का? ते म्हणाले, चिडका होतो, संशयी होतो. हलकट म्हणाले नाहीत.

१६ सप्टेंबर

लेकीच्या काचेला पहिली मोठी मागणी आली. मालकांनी पेढे वाटले असतील. ती तिथे नव्हती. तिने नोकरी सोडली. कृती कारखान्याची राहिली.

मालकांचा फोन आला. "बरे झालात की या. बिस्मथ महाग पडतो. लहान दवाखाने अजून शिशाचीच काच मागतात. ते काही आपण बंद करत नाही. न्हाणीघर आता चालू केलंय बरं का. तुमच्याशिवाय शिशाची भट्टी कोण सांभाळणार?"

हे वाक्य ऐकायला मी मार्चपासून जीव टाकत होतो. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." फोन ठेवला आणि खरोखर विचार करायला लागलो. त्याचीच मला भीती वाटली. संध्याकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मग गप्पूला देऊ. मी गप्पूच्या घरी गेलो. त्याला म्हटलं, "ती जागा घेऊ नकोस." तो नेहमीसारखाच गप्प. त्याची बायको आतून म्हणाली, "तुमचं पोट भरलं, आता आमच्या ताटात हात घालता का?"

५ ऑक्टोबर

लेकीने रविवारी यायला परवानगी दिली. दारातच बादली, साबण, जावयाचा धुतलेला शर्ट. माझे कपडे बाहेर दोरीवर. आता मी कारखान्यात जात नाही, तरी.  बायकोने चहा दिला. मुंगी समोर खेळत होती, अंगाने भरली आहे. मी सवयीने पुढे वाकून हात पसरले.

"बाबा, लांब," लेक म्हणाली.

मी मागे सरकलो.

१९ ऑक्टोबर

मुंगी पूर्वीसारखी बोलत नाही. एक एक शब्द. पाणी. आजी. नको. एक बाई घरी येऊन तिला चित्रं दाखवते, बोलायला शिकवते. लेक म्हणते, धीर धरायचा. दुपारी ती मुंगीसमोर जमिनीवर पालथी पडून तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होती. मी खुर्चीतून बघत होतो. "बाबा, तुम्ही लांबच बसा," तिने एकदा मागे न बघता सांगितलं. मी हललोही नव्हतो.

२ नोव्हेंबर

आज लेकीचा राग थोडा उतरलेला वाटला. जेवायला थांबा म्हणाली. नवीन काम मिळालं आहे, दुसऱ्या एका ठिकाणी, काचेचंच. म्हणाली, "बिस्मथमध्ये टंगस्टन घालून बघायचंय. पण मग काच निवताना दुधासारखी पांढरी होते, कण धरते."

मी लगेच म्हटलं, "हळू निववत असशील. ओतल्यावर कण धरतात त्या टप्प्यातून पटकन खाली आण, मग सावकाश." मग घाबरून म्हटलं, "म्हणजे, तू विचारलं नाहीस, पण..."

"बरं," ती म्हणाली. "करून बघते." ताटातलं संपवून उठली. तेवढंच. 

निघताना मुंगी दारापर्यंत आली, आजीचं बोट धरून. मी पायरीखाली उभा राहिलो, ठरलेल्या अंतरावर. बायको तिला म्हणाली, "कोण चाललंय बघ. सांग, कोण आहेत हे?"

मुंगीने माझ्याकडे नीट पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, आठवत असल्यासारखं. मग हात हलवला.

"टाटा, लांब," ती म्हणाली.

तेच माझं नाव आहे असं तिला वाटतं. मी हात हलवला. लेक आतून धावत आली, मुंगीला उचलून तिचे मुके घेत रडायला लागली. माझी कीव आली असेल म्हणून मी म्हटलं, "असू दे गं, लहान आहे ती."

बायकोने डोळे पुसले. "तुमच्यासाठी नाही रडत ती," म्हणाली. "आजारानंतर आज पहिल्यांदा पोरीने दोन शब्द जोडले."